बाहेर राहिलेला तुकडा

ऊन तापायला लागलं की आमच्या घरातले आवाज आपोआप खाली येतात. माय भांडं ठेवते ते टेकवून ठेवते. मी दाराची कडी बोटानं धरून हळूच लावते. टीव्ही असतो, पण बंद. असं वागायचं कोणी ठरवलेलं नाही. दोघीच तर असतो घरात, ठरवणार कोण? पण काही वर्षं आमच्याकडे उन्हाळा म्हणजे ऐकण्याचा हंगाम होता, आणि अंगात मुरलेला हंगाम एका वर्षात जात नाही.

यंदाही दहावीचे पेपर तपासून झाले आणि मी नोकरीच्या गावाहून, देऊळगाव राजाहून, घरी आले. मेहकरच्या स्टँडवर उतरले तेव्हा डांबर चपलेला धरून ठेवत होतं. तिथून गावापर्यंत ऑटो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं मोकळी, नांगरलेली, ढेकळं पांढरी पडलेली. एका वावरात धुळीचा भोवरा उभा होता. वारा कुठंच नव्हता, तो मात्र एकटाच गोल फिरत पुढं सरकत होता, जणू काही शोधतोय. ऑटोवाल्यानं गाडी हळू केली, भोवरा रस्ता ओलांडून गेला, मग त्यानं पुन्हा गिअर टाकला.

आमच्या भागात भीतीची वेळ मध्यरात्र नाही, भरदुपार आहे. रात्री गाव जागं असतं. उकाड्यानं माणसं अंगणात बाजा टाकून गप्पा मारतात, पोरं मोबाईल बघतात, कोणाचं तरी लहान मूल रडत असतं. खरी सामसूम दुपारी. दारं लागलेली, कुत्री नालीत पडलेली, झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या. रस्ता सरळ शेवटपर्यंत दिसतो आणि त्यावर कोणी नसतं. त्या वेळी घरात बारीकसा आवाज झाला तरी तो आपल्यासाठीच झाला असं वाटतं.

आधी एक स्पष्ट सांगून टाकते. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आजोबांच्या पिढीनं ते सगळं सोडलं, आणि सोडताना काय काय सोसलं ते मी ऐकत मोठी झाले. मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं ते माझ्या नावाचं, पहिलं. हे मी मुद्दाम सांगते, आणि सांगताना लाजत नाही. पुण्याला एका प्रशिक्षणात एक बाई मला म्हणाल्या, ‘किती गोड गावठी बोलता हो तुम्ही.’ मी म्हटलं, ‘गणित मात्र तुमच्यासारखंच शिकवते.’ तर अशी मी. आणि तरीही मी सांगते की आमच्या घरात एक लाकडी पेटी आहे, आणि पाच उन्हाळे ती भरदुपारी बोलायची.

पेटी माझ्या भावानं केली. सुमेध, माझ्याहून लहान. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले. मायनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी करून घर चालवलं. सुमेधचं पुस्तकात लक्ष लागलं नाही, तो मेहकरला रफिकचाचांच्या फर्निचरच्या दुकानात लागला आणि तिथं रमला. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना आमच्या गणित विभागाच्या टेबलावर एक लाकडी खोकं असायचं. आत वेड्यावाकड्या आकाराचे ठोकळे. ते सगळे बाहेर काढायचे आणि परत असे बसवायचे की झाकण लागलं पाहिजे. ऐकायला पोरखेळ वाटतो. करायला बसलं की दिवस जातो. मी घरी येऊन ते आकार खडूनं फरशीवर काढून दाखवले. सुमेध उकिडवा बसून बघत राहिला. पुढच्या रविवारी त्यानं तसंच खोकं करून आणलं. मी ते सोडवलं. मग त्यानं दुसरं आणलं, जास्त अवघड. तिथून आमची शर्यतच लागली. त्यानं करायचं, मी सोडवायचं.

‘ताई, हे घे. याच्यात रडशीन तू,’ तो पिशवी ओतायचा.

‘तुह्यं लाकूड संपन, माह्यं डोकं नाही संपत.’

‘डोकं हाये का पण?’

माय चुलीपाशून ओरडायची, ‘अबे, तिले जेवू तरी दे! लाकडं काय पळून चालले?’

दुकानात उरलेल्या सागाच्या चिपांतून तो हे तुकडे करायचा. लहान लहान घन कापायचे, घासायचे, सरसानं एकमेकांना चिकटवायचे. त्या आकारांना आम्ही नावं ठेवली होती. जिना, कोपर, बाज, आरामखुर्ची. प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी घरच्या वस्तूतून उरलेला असायचा. हा अमक्याच्या लग्नातल्या पलंगाचा, हा शाळेच्या फळ्याच्या चौकटीचा, हा पाळण्याच्या दांडीचा. मला ते फार आवडायचं. अर्ध्या मेहकरची घरं माझ्या मांडीवर पसरलेली असायची, आणि मी त्यांना एका विटेएवढ्या पेटीत राहायला लावत असायची.

शेवटची पेटी त्यानं आणली तेव्हा नुकतं ऊन लागायला लागलं होतं. ही पेटी वेगळी होती. नेहमी तो पेटी रिकामी आणि तुकडे सुटे द्यायचा. ही भरलेली होती. खाचेतून सरकणारं झाकण, अगदी सपाट बसलेलं. आणि झाकणावर एक तुकडा ठेवलेला, बाकीच्यांपेक्षा काळपट.

‘आत सात आहेत,’ तो म्हणाला. ‘पेटी भरली. झाकण लागलं. पाह्य, हालवून पाह्य.’

मी हलवली. दगडासारखी गच्च.

‘हा आठवा. हाही आतच जाते.’

‘कसा जाईन? भरली न ती.’

‘भरल्यासारखी दिसते.’ तो हसला. मग दाराकडे बघत, मायला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, ‘अन् एक सांगून ठेवतो. यातला एक तुकडा जनाज्याच्या पलंगाचा हाये. मशिदीतला मयत न्यायचा पलंग दुरुस्तीले आला होता, त्याचा पाय कापला थोडा. कोणता तुकडा ते नाही सांगत.’

‘मले काय भेव दाखवतो का बे?’

‘तू कुठं भेतेस! तू तं बी.एस्सी.’

मला पेपर तपासायला जायचं होतं. मी म्हटलं, आल्यावर बघते. त्यानंतरच्याच आठवड्यात तो टेम्पोत बसून दरवाजे पोचवायला खामगावकडे गेला आणि परत येताना रस्त्यातच गेला. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

पेटी भिंतीतल्या फळीवर, त्याच्या फोटोखाली राहिली. मायनं मला ती उघडू दिली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही मागितली नाही. आतले सात तुकडे त्याच्या हातानं लावलेले होते. त्याची मांडणी कोणालाच माहीत नव्हती. झाकण सरकवलं, एक तुकडा उचलला की ती संपली. आठवा तुकडा हरवू नये म्हणून माय तो रोज पुसून झाकणावर परत ठेवायची, जसा त्यानं ठेवला होता तसा. मी त्या काळपट तुकड्याला हात लावत नव्हते. का, ते मला माहीत होतं. मी मनाशी धरून बसले होते की जनाज्याच्या पलंगाचा तुकडा तोच. मानत काहीच नव्हते. हात मात्र लावत नव्हते.

त्याच्यामागचा पहिला उन्हाळा. दुपारची जेवणं झाली होती. माय भिंतीला टेकून बसली होती, मी फरशीवर ओलं फडकं टाकून आडवी. कूलर बंद, लाईट गेलेली. आणि फळीवरून आवाज आला.

टक.

नखानं लाकडावर वाजवावं तसा. एकच.

मी म्हटलं, टिन असेल. आमची मागची खोली टिनाची आहे, ऊन चढलं की टिन तडतडतात, सगळ्यांना माहीत असतं. पण टिनाचा आवाज पसरट असतो. हा कोरडा, नेमका, जवळचा होता. मायनं मान वर केली. थोड्या वेळानं पुन्हा टक. ती उठली, फळीपाशी गेली आणि पेटीला कान लावून उभी राहिली. कितीतरी वेळ. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि पाठीवरचा घामानं चिकटलेला पदर.

‘आतून येते,’ ती म्हणाली.

मग रोज. ऊन माथ्यावर आलं की. कधी एकदा, कधी थांबून थांबून दोन-तीनदा. पाऊस लागला की बंद. हिवाळाभर पेटी गप्प. पुन्हा वारं गरम झालं की एखाद्या दुपारी, कान विसरलेले असताना, टक. मी मायला समजावलं की लाकूड उन्हात आकसतं, आत कुठंतरी थोडी फट होत असेल, एखादा तुकडा सरकत असेल. ती ऐकून घ्यायची. ‘हो,’ म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी टक झालं की हातातलं काम थांबवून, ‘हाव बाबू,’ असं अगदी साध्या आवाजात म्हणायची, जसं बाहेरून कोणी हाक मारल्यावर म्हणतात.

तिनं दुपारचं कुठं जाणं सोडलं. बहिणीकडची लग्नं, गावातली हळद, काहीच नाही. उन्हाळ्याच्या दुपारी माय घरी असायलाच हवी होती. मी देऊळगाव राजाला खोली मोठी घेतली, म्हटलं चल माझ्याकडे. ती म्हणायची, ‘पावसाळ्यात येतो.’ पावसाळ्यात आली की ऊन पडताच अस्वस्थ व्हायची. मला तेव्हा आवाजाची भीती वाटत नव्हती. मायची वाटत होती. ती त्या फळीकडे अशी बघायची की घरात तिसरं माणूस असल्यासारखं मीच अंग चोरून चालायची.

आता ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं म्हणून बसले, तो गेल्या वर्षीचा. फार तापला होता. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती न पेटवताच वाकून गेली होती, मान टाकल्यासारखी. पेटी रोज बोलत होती, पूर्वीपेक्षा जास्त. एका दुपारी माय म्हणाली,

‘उघड वं ते.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘काऊन?’

‘पाच साल झाले, ठोकून राह्यला. त्याले काहीतरी पाहिजे असन. मी नुसतीच हाव हाव करतो. पाह्य तरी काय पाहिजे ते.’

‘माय, उघडली तं त्यानं लावलेलं जाईन. अन् मले परत नाही जमलं तं? झाकणच नाही लागायचं मंग.’

‘तुले जमते. तो म्हणे, ताईले सारं जमते.’

मी मोबाईल घेतला. म्हटलं, एकेक थर काढायचा, प्रत्येकाचा फोटो काढायचा, म्हणजे काही जमलं नाही तर निदान त्याची मांडणी परत लावता येईल. मायनं आठवा तुकडा झाकणावरून उचलून स्टीलच्या ताटलीत घालून फळीवर ठेवला, पदरानं हात पुसले. मी झाकण सरकवलं. ते सरकलं तेव्हा आतून सागाचा, सरसाचा, कोंडलेल्या दुकानाचा वास आला. माय एकदम मागं सरली.

वरचा थर दिसला. मी फोटो काढला. मग एक तुकडा धरून उचलायला गेले तर हलेना. दुसरा, तोही नाही. बोट घालायला फट नव्हती. प्रत्येकानं दुसऱ्याला असं धरलं होतं की एकालाही एकट्यानं निघता येत नव्हतं. मी सुरीचं टोक शोधायला उठले, तेवढ्यात मायनं पेटी मांडीवर पालथी केली आणि तळव्यानं तिच्या बुडावर हलकेच मारलं, बाळाच्या पाठीवर मारतात तसं.

सगळे एकदमच पडले. तिच्या लुगड्यात सात तुकडे. मांडणी गेली. मोबाईलमध्ये एकच फोटो, वरच्या थराचा.

मला रडू यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. इतकं गच्च होतं ते. आत काहीच हलत नव्हतं, हलूच शकत नव्हतं. मग इतकी वर्षं आत वाजत होतं ते काय?

आणि तेव्हा आवाज आला.

टक.

पेटी मायच्या मांडीवर पालथी, रिकामी. तुकडे लुगड्यात. आवाज माझ्या मागून आला होता. मी वळले. फळीवर ताटलीत तो काळपट तुकडा होता, आणि ताटली अजून बारीक झिणझिणत होती.

मी घाबरले हे नाकारत नाही. पण पुढच्या क्षणी मी पाच वर्षांत पहिल्यांदा त्या तुकड्याला हात लावला. गरम होता, अंगासारखा. उजेडात धरला तेव्हा दिसलं, दोन घन जिथं चिकटवले होते तिथं केसाएवढी भेग. दुपारी ताणली जायची, वाजायची. पावसाळ्यात मिटायची. त्याला आम्ही रोज पेटीच्या झाकणावर ठेवत होतो, म्हणून तो आतून आल्यासारखा वाटायचा. इतके उन्हाळे आम्ही आतल्याला कान लावला होता. वाजत बाहेरचा होता.

मी मायला समजावून सांगितलं. तिनं भेगेवरून बोट फिरवलं.

‘म्हणजे हा बाहेर होता व्हय,’ ती म्हणाली. ‘अन् मी आतल्याले ओ देऊन राह्यली होती.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुकडा रुमालात बांधून मी मेहकरला गेले. भेग बुजवता येते का विचारायचं होतं. रफिकचाचा आता थकले आहेत, दुकान मुलगा बघतो, पण ते दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, आणि भेगेवरून अंगठा फिरवला.

‘सरस लगा देता हूँ,’ ते म्हणाले. ‘लेकिन बेटी, ये तू कहाँ लेके घूम रही?’

‘चाचा, हा जनाज्याच्या पलंगाचा आहे न?’

‘कौन बोला?’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘अरे, ये तो तेरे टेबल का है. तू कॉलेज में गयी तब उसने बनाया था न, शीशम का? एक टुकड़ा बचा था. मैं बोला फेंक दे. बोला, नहीं चाचा, ताई का है.’

ते टेबल अजून माझ्या खोलीत आहे. त्यावरच मी पेपर तपासते. मी तुकडा परत मागितला. सरस लावू नका म्हटलं. का ते मलाच कळलं नव्हतं. बसमध्ये तो रुमालात मांडीवर होता, ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं, आणि तो माझ्या मांडीवर वाजला. आवाज कमी, धक्काच जास्त. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘कोंबडीचं पिल्लू आहे का?’ मी हो म्हटलं.

म्हणजे जनाज्याच्या पलंगाचा तुकडा त्या सातांत कुठंतरी होता. पलंगाचा, पाळण्याचा, फळ्याचा, आणि तो. सगळे एकमेकांना धरून. आणि बाहेर ठेवलेली होते मी.

मायला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे मग असाच, निदान आवाज तरी राहील. मला मनातून तेच हवं होतं, हेही आता लक्षात येतं. आत बसला की तुकड्याला चारी बाजूंनी धरलं जाणार, भेग ताणायला जागा राहणार नाही, आवाज बंद. मी हे तिला नीट सांगितलं. म्हटलं, आत घातला तर मंग ऐकू येणार नाही माय. विचार कर.

तिनं फार विचार केला नाही. ‘एकटाच बाहेर हाये म्हणून तं वाजते,’ ती म्हणाली. ‘घाल त्याले आत. पाऊस लागायच्या आत घाल.’

पावसाची मुदत खरीच होती. दमट हवा लागली की लाकूड फुगतं आणि मग असले घट्ट तुकडे आत सरकतच नाहीत. मी रोज सकाळी बसायची ते ऊन कलेपर्यंत. सात तुकडे मला कितीतरी प्रकारांनी बसवता येत होते. झाकणही लागायचं. आठवा प्रत्येक वेळी बाहेर. शेजारची कांतामावशी कुरडया वाळत घालून डोकावायची. ‘काय मॅडम, सरकार पगार देते तुम्हाले, अन् तुम्ही लाकडं खेळून राह्यल्या?’

‘सुट्टीचा पगार हाये मावशी, खेळायचाच.’

‘मंग माह्या कुरडयाकडे पाह्य, कावळे येऊन राह्यले,’ म्हणून ती जायची. जाता जाता पेटीकडे मात्र बघायची नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं.

अशा कोड्यांत सगळ्यात मोठा घोटाळा हा की आपण तुकड्यांकडे बघत राहतो. मी वर्षानुवर्षं सोडवत आले, म्हणून मला माहीत होतं की बघायचं असतं पोकळीकडे. सात तुकडे बसवून झाकण लागतं तेव्हाही आत रिकामी जागा असतेच. इथं एका घनाएवढी, तिथं अर्ध्या, कोपऱ्यात चिमूटभर. आठव्याला पुरेल एवढी जागा पेटीत पहिल्यापासून होती. ती विखुरलेली होती, म्हणून दिसत नव्हती, म्हणून पेटी भरलेली वाटत होती. सगळं रिकामपण गोळा करून एका ठिकाणी आणायचं, एवढंच काम. एवढंच म्हणते मी. आमच्या घराला ते पाच वर्षांत जमलं नव्हतं. मायचं फळीपाशी, माझं देऊळगाव राजाच्या खोलीत, असं थोडं थोडं ठेवून आम्ही दोघी भरल्या घरासारख्या वावरत होतो.

जूनचे दिवस आले. आभाळात ढग नव्हते, पण हवेला जडपणा आला होता. झाकण सरकवताना अडखळायला लागलं. नाही जमलं तर? ती रिकामी पेटी आणि ताटलीतले आठ तुकडे फोटोखाली ठेवून मी नोकरीवर कशी जाणार होते?

त्या दिवशी पाच तुकडे लावून मी पाणी प्यायला उठले. माठ मागच्या खोलीत. परत आले तर ज्याला आम्ही जिना म्हणायचो तो तुकडा तिरपा झाला होता. मी तो सरळ ठेवला होता. मी नेहमी सरळ ठेवते, भिंतीला समांतर, ती माझी शिस्तच आहे. तो एका बाजूनं खचून दुसऱ्या बाजूनं वर आला होता, कोणी बोटानं दाबल्यासारखा.

माय उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

‘तू हात लावला?’

‘कशाले?’

‘याले. हालवलं का?’

‘मी जागची उठली नाही वं,’ ती म्हणाली. आणि मग हळूच, ‘काऊन?’

मी पोकळीकडे बघत होते. जिना तिरपा झाला आणि त्याच्या पोटाखाली दोन फटी मिळून एक जागा झाली होती. सरळ कधीच झाली नसती. मी वर्षभर जरी बसले असते तरी सगळं भिंतीला समांतर लावत बसले असते. सुमेधला माझी शिस्त माहीत होती. त्यानं पेटी माझ्या शिस्तीच्या विरुद्ध केली होती. आता दमट हवेनं लाकूड फुगून तुकडा आपोआप तिरपा झाला, की मी उठताना धक्का लागला, की आणखी काही, याचा मी तेव्हा विचार केला नाही, आणि नंतर केला तेव्हा पुरा झाला नाही. मी गणित शिकवते. जे सिद्ध झालं नाही ते सिद्ध झालं नाही, दोन्ही बाजूंनी.

मी दुसरा तुकडा तिरपा केला. कोपर त्याच्याखाली सरकवलं. बाज वर आडवी. आणि मधोमध एक भोक राहिलं, वाकडं, खोल, काळं. मी मायला हाक मारली. ती तांदळाचे हात झटकत आली. आठवा तुकडा मी तिच्या हातात दिला.

‘तूच घाल.’

‘नाही. त्यानं तुले सांगितलं होतं.’

मी तो भोकाच्या तोंडाशी धरला. दाबावा लागला नाही. सोडला आणि तो आपल्या वजनानं खाली गेला, थांबत थांबत, घासत, जसं कोणी अंधारात ओळखीच्या खोलीत पाय टाकत जातं. तळाला टेकला. मी झाकण सरकवलं. ते शेवटपर्यंत गेलं.

माय पेटीला कान लावून बसली. ऊन उतरेपर्यंत बसली. आवाज आला नाही.

‘झोपला,’ ती म्हणाली. आणि त्या संध्याकाळी तिनं पाच वर्षांत पहिल्यांदा कांतामावशीला स्वतःहून हाक मारली, की चल, नाक्यापर्यंत जाऊन येऊ.

पुढं पाऊस लागला. झाकण फुगून इतकं घट्ट बसलं की उघडायचं म्हटलं असतं तरी उघडलं नसतं. माय दिवाळीला माझ्याकडे येऊन राहिली, चांगली पंधरवडाभर, टेबलापाशी बसून शेंगा सोलायची. मला वाटलं, संपलं.

आता पुन्हा ऊन तापलंय. काल दुपारी लाईट गेली होती. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, कुणी नाही. टिन तडतडून थांबलं. मी आडवी होते, माय भिंतीला टेकून. आम्ही दोघी काही ऐकत नव्हतो असं दाखवत होतो. फळीवर पेटी होती, वर काही ठेवलेलं नाही, आत सगळे. पेटी गप्प होती. इतकी गप्प की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. त्या शांततेची मला जी भीती वाटली, ती त्या आवाजाची कधी वाटली नव्हती.

बराच वेळ गेला. मग माय उठली. फळीपाशी गेली. पेटी नीट केली, फोटोच्या सरळ रेषेत आणली. थोडी थांबली. आणि नखानं झाकणावर एकदाच वाजवलं.

टक.

मी उठून बसले. ती वळली नाही. कान लावून तशीच उभी राहिली, पाठ माझ्याकडे, आतून कोणी ‘हाव माय’ म्हणतं का ते ऐकत. मीही श्वास धरून ऐकत होते.